कुकरची शिट्टी आणि रेकॉर्डची दुसरी बाजू

मुलुंड पूर्वेला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही काही जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी जमतो. विषय ठरलेला असतो. सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकमधला सर्वश्रेष्ठ बँड कोणता? कॉलेजात असताना आम्ही हा वाद सुरू केला. आता बहुतेकांना पेन्शन मिळते आहे आणि वाद चालू आहे. तो मिटावा अशी कुणाची इच्छा असल्याचं मला आजवर दिसलेलं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाणं आटोपशीर ठेवायचं नाही, हा या संगीताचा पहिला नियम. एकेक रचना रेकॉर्डची अख्खी बाजू खाते. मध्येच चर्चमधला ऑर्गन घुसतो, मध्येच बासरी, ताल असा बदलतो की पायाने ठेका धरणाऱ्याचा पाय हवेत राहतो. शब्दांचा अर्थ लावायला जाऊ नये. हे संगीत जिथे जन्मलं तिथल्या बऱ्याच लोकांनी दशक संपता संपता त्याचा नाद सोडला. बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडमधल्या काही मुलांपर्यंत ती बातमी पोहोचली नाही.

आमच्यात बँडची खरी नावं फारशी वापरत नाहीत. कारण असं की हे संगीत आमच्याकडे कॅसेटवर आलं, आणि मूळ रेकॉर्डवरची वेलबुट्टीदार अक्षरं कॉपी करणाऱ्याला वाचता आली नव्हती. त्याने कॅसेटवर सरळ लिहून टाकलं: बासरीवाले, ऑर्गनवाले, झगेवाले. तीच नावं चिकटली. आजही साठीच्या घरातला, हायकोर्टात प्रॅक्टिस केलेला माणूस सोफ्यावर पुढे सरकून त्वेषाने म्हणतो, "झगेवाल्यांना तू संगीत म्हणतोस? मग विषयच संपला." विषय संपत नाही. तो पुढच्या तीन तासांना पुरतो.

हे बोलणारा आमचा वकील मित्र. घाटकोपरचा, ऑर्गनवाल्यांचा कट्टर. त्याच्या विरुद्ध बाजूला बोरिवलीचे मास्तर बसतात. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. वयाने आमच्याएवढेच, पण त्यांना अरेतुरे करायची हिंमत कुणाला कधी झाली नाही. ते बासरीवाल्यांच्या बाजूने बोलतात. त्यांची सगळी प्रतिष्ठा एका शिट्टीवर उभी आहे, ती आधी समजून घेतली पाहिजे.

बासरीवाल्यांची एक लांबलचक रचना आहे. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून ती एकच. आमच्या कॅसेटवर ही रचना मध्यावर एकाएकी थांबते. शांतता पसरते, त्या शांततेत लांबून एक दबका, लांबलेला भोंगा वाजतो, थोडी खुडबुड ऐकू येते, आणि मग संगीत पुन्हा सुरू होतं. मास्तरांच्या मते जगातल्या संगीतात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. "तो कारखान्याचा भोंगा आहे," ते सांगतात. "पाळी सुटली आहे. कामगार घरी चालला आहे. ज्याला तो भोंगा कळला नाही त्याला इंग्लंड कळलं नाही." मास्तर इंग्लंडला गेलेले नाहीत. या विषयावर त्यांनी एका दिवाळी अंकात लेख लिहिला आहे आणि त्याच्या प्रती ते पिशवीत ठेवतात.

वस्तुस्थिती अशी आहे. ती कॅसेट आमच्या यजमानाच्या मावसभावाने घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या घरात भरली. शेजारच्या गृहस्थांनी आखातातून आणलेली रेकॉर्ड त्याला एका रविवारपुरती मिळाली होती. जोडायची वायर त्याच्याकडे नव्हती, म्हणून त्याने टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला आणि घरातल्यांना गप्प बसायला सांगितलं. घरचे गप्प बसले. गॅसवरचा कुकर बसला नाही. पहिली बाजू संपल्यावर भाऊ रेकॉर्ड उलटायला उठला, टेप थांबवायला विसरला, आणि त्याच वेळी वरणभाताची शिट्टी झाली. पुढे या कॅसेटवरून आम्हा सगळ्यांच्या कॉपी निघाल्या, तेव्हा ती वाजवणाऱ्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले होते. सगळंच संथ आणि जड झालं. कुकरचा भोंगा झाला.

या मावसभावाला मध्यंतरी आम्ही व्हिडिओ कॉल लावला होता. तो आता कॅनडात असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कुकर असेल रे. आई रविवारी लवकर लावायची."

मास्तरांनी त्यावर मान हलवली. "भरणाऱ्याला आपण काय भरलं हे कळतंच असं नाही," ते म्हणाले.

आता फोनवर ही रचना कुणालाही ऐकता येते. तिच्यात भोंगा नाही. मास्तरांच्या मते कंपनीने नवी आवृत्ती स्वच्छ करण्याच्या नावाखाली तो काढून टाकला. यजमानाच्या मुलाने गेल्या वर्षी परदेशातून त्या काळची मूळ रेकॉर्ड शोधून आणली. तिच्यातही भोंगा नाही. मास्तरांनी कव्हर उलटसुलट करून पाहिलं आणि ही आवृत्ती निर्यातीची असल्याचा निर्वाळा दिला. निर्यातीच्या मालात काय काय गाळतात हे अर्थशास्त्राच्या माणसाला वेगळं सांगायला नको, असंही म्हणाले.

हे सगळं करमणुकीचं आहे आणि करमणूक म्हणून मी ते वर्षानुवर्षं पाहत आलो. परवाच्या जानेवारीत ते तसं राहिलं नाही.

आमच्यातला चौथा मित्र मरोळच्या गावठाणातला. जुनं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चनांचं घर, घरात मराठी, रविवारी चर्च. पोरवयात त्याने बेस गिटार वाजवायला सुरुवात केली आणि ती शिकला याच कॅसेटवरून. कॅसेट संथ असल्यामुळे त्याने गिटारही खालच्या सुरात लावली होती. चर्चच्या क्वायरमध्ये पहिल्याच दिवशी फादरने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि याला विचारलं, "बाळा, तू कुठल्या गावात वाजवतोयस?" ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचा.

गेली काही वर्षं त्याला ऐकू येईनासं होत गेलं. डावा कान आधी गेला. उजव्यात मशीन होतं. चार माणसं एकदम बोलली की त्याला नुसता गलका कळायचा. तो आमच्यात बसायचा, हसणाऱ्याकडे बघून हसायचा, वडे संपवायचा. "मला खालचं येतं अजून," असं त्याने एकदा मला सांगितलं होतं. "बेस येतो. ड्रम येतो. माणसं नाही येत."

जानेवारीत डॉक्टरांनी उजव्या कानाचं ऑपरेशन ठरवलं. आत एक यंत्र बसवायचं. त्याने माणसांचं बोलणं कळायला लागेल, पण कानात जे थोडं नैसर्गिक उरलं आहे ते बहुधा जाईल. संगीताचं काही सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सोमवारी सकाळी त्याला ॲडमिट व्हायचं होतं. आदल्या दिवशी आमचा रविवार होता.

शनिवारी त्याने ग्रुपवर एकच मेसेज टाकला. "उद्यानंतर ऐकायला मिळेल की नाही माहीत नाही. तुझ्या मोठ्या स्पीकरवर बासरीवाल्यांची दुसरी बाजू एकदा लावशील का? दुसरीच. बाकी काही नको."

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. दुसरी बाजू एकट्या बेसने सुरू होते. कॅसेटवर नेमका तोच भाग खुडबुडीत गेला होता, आणि फोनवरचा आवाज त्याच्या मशीनमधून पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायचा. यजमानाचे स्पीकर कमरेएवढे उंच आहेत. त्यांच्यासमोर बसलं की बेस छातीत लागतो. त्याला तेवढं हवं होतं.

उत्तरादाखल यजमानाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. वकिलाने लिहिलं, "अवश्य. पण शेवटचंच ऐकायचं असेल तर सर्वोत्तम ऐकावं. बासरीवाले हा आपण निकालात काढलेला विषय आहे." कुठल्या निकालात, ते त्याने लिहिलं नाही. मास्तरांनी त्यांचा लेख पाठवला.

रविवारी मी पोहोचलो तेव्हा तिघेही आलेले होते. मरोळचा मित्र स्पीकरच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. रेकॉर्ड बाहेर काढलेली होती. लावायला हरकत काहीच नव्हती.

"एक मिनिट," वकील म्हणाला. "आपण इथे एका माणसाला आयुष्यातलं शेवटचं संगीत देतोय. ही जबाबदारी आहे, यार. उद्या तो म्हणाला, तुम्ही मला हे का ऐकवलंत, तर?"

"त्यानेच मागितलंय," मी म्हणालो.

"पेशंटने मागितलेलं औषध डॉक्टर देतो का?"

"ऑर्गनवाले देणार का तुम्ही त्याला?" मास्तरांनी विचारलं. "जाताना माणसाला लिफ्टमधलं संगीत?"

"लिफ्ट? मास्तर, तुमच्या बासरीवाल्यांचा तो भोंगा तरी आहे का या रेकॉर्डमध्ये? नाही ना? मग ऐकवणार काय? तुमच्याच लेखाप्रमाणे भोंगा काढला की उरतं काय?"

हा मुद्दा मास्तरांना लागला. कारण तो बरोबर होता. त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली.

"म्हणूनच मी ही आणली आहे," ते म्हणाले. "ऐकवायचंच तर अस्सल ऐकवू."

मरोळचा मित्र कॅसेटकडे बघून नाही-नाही म्हणून हात हलवत होता. "कॅसेट नको रे. कॅसेट पाठ आहे मला. रेकॉर्ड. दुसरी बाजू."

"काय म्हणतो?" मास्तरांनी यजमानाला विचारलं. मित्र त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

"रेकॉर्ड म्हणतोय."

"त्याला कल्पना नाही. निर्यातीची आहे ती."

साबुदाण्याचे वडे आले. वडे खाताना झगेवाल्यांचा विषय निघाला, कारण यजमान मनातून झगेवाल्यांचा आहे आणि आपल्या घरात, आपल्या स्पीकरवर आपल्यालाच कुणी विचारत नाही हे त्याला बोचत होतं. त्याने तसं बोलून दाखवलं. मग झगे घालून वाजवणं हा नाटकीपणा की नाट्य, यावर चर्चा झाली. वकिलाने दाखले दिले. मास्तरांनी दाखले खोडले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या बँडला जी नावं ठेवत होता ती आपल्याही बँडला तंतोतंत लागू होती: लांबण, भपका, वेलबुट्टी. हे सगळ्यांना दिसत असावं. म्हणूनच आवाज चढत होते.

मी दोनदा म्हणालो की आधी लावा, मग भांडा. दोन्ही वेळा सगळे हो म्हणाले.

घड्याळाकडे लक्ष ठेवायला हवं होतं, कारण साडेपाचला हॉल रिकामा करून द्यायचा होता. यजमानाची बायको बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि परीक्षा तोंडावर आली होती. हे येताक्षणीच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. पाच वाजून गेले तेव्हा मरोळचा मित्र उठला. कुणाला न विचारता त्याने रेकॉर्ड उचलली, दुसरी बाजू वर करून प्लेअरवर ठेवली.

वकिलाने त्याचा हात धरला. "अरे, असं मधूनच? कादंबरी कुणी मधून वाचतं का? ऐकायचं तर पहिल्यापासून. हे तरी मास्तर मान्य करतील."

मास्तरांनी ते मान्य केलं. त्या दुपारी एकमत झालेला हा पहिला मुद्दा. यजमानाने रेकॉर्ड उलटली आणि पहिली बाजू लावली.

मरोळच्या मित्राने वाद घातला नाही. कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, पुढे सरकला आणि उजवं कानशील स्पीकरच्या लाकडाला लावून डोळे मिटून बसला. मशीन काढल्यावर त्याला आमच्यातला कुणीच ऐकू येत नव्हता. बाकीचे बोलत होते. बासरी सुरू झाल्यावर आवाज थोडा कमी करावा का, यावर बोलले. त्या काळचं ध्वनिमुद्रण आजच्यापेक्षा सरस का, यावर बोलले. तो तसाच बसून होता. बोटं मांडीवर हलत होती.

बाजू संपली. सुई आत सरकली आणि करकर वाजायला लागली. तो डोळे मिटूनच थांबला. रेकॉर्ड उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्यात जायला हवा होता.

मास्तर उठून प्लेअरजवळ गेले. त्यांनी सुई उचलली. रेकॉर्ड उलटली नाही. तिच्यावर हात ठेवून ते आमच्याकडे वळले.

"ही जागा," ते म्हणाले. "नेमकी ही. इथे तो भोंगा होता. ऐका, आता किती पोकळ वाटतंय! हा अन्याय आहे की नाही, तुम्हीच सांगा."

"मास्तर, उलटा ती," मी म्हणालो.

"उलटतो. पण हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही." आणि ते इंग्लंडमधल्या कामगारांकडे वळले. वकिलाने हरकत घेतली. मास्तरांनी हरकतीला उत्तर दिलं. दारावरची बेल वाजली आणि दप्तरं घेतलेली मुलं चपला काढायला लागली.

मरोळच्या मित्राने डोळे उघडले. आधी मुलांकडे पाहिलं, मग प्लेअरकडे.

"झालं?" त्याने विचारलं. त्याचा आवाज मशीनशिवाय नेहमीपेक्षा मोठा आला.

यजमान बायकोकडे बघत होता. "दहा-पंधरा मिनिटं..." तो म्हणाला.

"परीक्षा आहे त्यांची," ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. दुपारी जेवण आटोपल्यापासून हॉल आमच्या ताब्यात होता.

मित्राने मशीन कानात घातलं. "राहू दे रे," तो म्हणाला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बरा होऊन ये. मग निवांत ऐकू."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काही आठवड्यांनी बाहेरचं यंत्र जोडलं आणि हळूहळू त्याला माणसांचं बोलणं कळायला लागलं. संगीताचं डॉक्टर म्हणाले तेच झालं. बेस सुद्धा आता त्याला डब्यात काहीतरी घुमल्यासारखा येतो, त्यात सूर कुठला ते कळत नाही. त्याने गिटार चर्चमधल्या एका पोरीला देऊन टाकली.

मे महिन्यातल्या रविवारी तो पुन्हा आला. सगळ्यांनी कौतुक केलं, कानामागचं यंत्र पाहिलं. मग वाद सुरू झाला. तो या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. शब्द न् शब्द त्याला कळत होता. वकील म्हणाला, ऑर्गनवाल्यांत विचार आहे. मास्तर म्हणाले, विचार असता तर एक तरी भोंगा असता. यजमान म्हणाला, मला कुणी बोलू देणार आहे का?

साधारण अर्ध्या तासाने मरोळच्या मित्राने विचारलं, "तुम्ही दर वेळी हेच बोलता?"

"म्हणजे?" वकील म्हणाला.

"म्हणजे हेच. मी इतकी वर्षं बसायचो ना इथे. मला काही कळायचं नाही. मला वाटायचं, काहीतरी मोठं चाललंय, आपलं नशीब फुटकं म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. डॉक्टरने विचारलं, ऑपरेशन का करायचंय, तर मी म्हणालो, मित्र काय बोलतात ते ऐकायचंय."

मास्तर त्याच्या कानामागचं यंत्र निरखून पाहत होते.

"मशीन अजून नीट सेट झालेलं नाही याचं," मास्तर वकिलाला म्हणाले.

"शक्य आहे," वकील म्हणाला.

"झालंय, मास्तर," तो म्हणाला. "गेल्याच आठवड्यात सेट करून दिलं. तुम्ही आत्ता म्हणालात, मशीन सेट झालेलं नाही. बरोबर?" तो उठला आणि चपला घालायला लागला. मीही त्याच्याबरोबर निघालो. आम्ही जिना अर्धा उतरलो तोवर वर ऑर्गनवाल्यांचं नाव पुन्हा निघालं होतं. ते दोघांनाही ऐकू आलं.

खाली रिक्षा मिळत नव्हती. आम्ही गेटपाशी उभे राहिलो. त्याने विचारलं, "तू ऐकली आहेस ना ती दुसरी बाजू? नीट?"

"हो."

"सांग मला. बोललेलं कळतं आता."

मी त्याला सांगितलं. आधी काही नसतं. मग बेस एकटाच येतो, खालून, घाई न करता. तेच चार सूर पुन्हा येतात. दुसऱ्यांदा शेवटचा सूर थोडा रेंगाळतो. बासरी यायला हवी असं वाटतं, ती येत नाही. मग ड्रम येतो, तोही हलकाच.

"एकटा किती वेळ असतो?"

"बराच."

"आणि शिट्टी नाही ना मध्ये?"

"नाही. काहीच नाही मध्ये."

एक रिक्षा थांबली. त्याने रिक्षावाल्याला थांब म्हणून हात केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ड्रम आल्यावर पुढे?"

मी पुढचं सांगायला लागलो.